शिंपडे आणि बुडवे

पेनल्टी घेतली जाणार एवढ्यात अनिरुद्ध धापा टाकत मैदानात शिरला, आणि बुडव्यांच्या बाजूने एकच जल्लोष झाला. “कॅप्टन आला रे!” त्यांना वाटलं, गडी खेळायला आला. ऐन थंडीत त्याच्या पायात जँडल्स, म्हणजे साध्या रबरी चपला होत्या आणि मनगटावर हॉस्पिटलची पट्टी, तिकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची तीन वर्षांपूर्वी दोन शकलं झाली होती. भांडण बाप्तिस्म्याचं. तान्ह्या बाळाच्या कपाळाला पाणी लावून भागतं म्हणणारे ते शिंपडे. जाणत्या वयात स्वतःच्या तोंडाने कबुली देऊन पुरतं पाण्याखाली गेल्याशिवाय बाप्तिस्मा नाहीच म्हणणारे ते बुडवे. नावं एकमेकांनीच ठेवलेली. तेव्हापासून दर हिवाळ्यात हॅगली पार्कात दोघांची फुटबॉलची मॅच होई, आणि स्वर्गाचं दार जणू त्या गोलपोस्टमध्येच असल्यासारखी ही भली माणसं एकमेकांच्या नडग्या फोडत. फुटीच्या सभेत सगळ्यात मोठा आवाज होता अनिरुद्धचा. समोर उभा होता त्याचा सख्खा भाऊ शिरीष, शिंपड्यांचा पाळक. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नव्हते.

आज शिरीष गोलमध्ये होता. अनिरुद्ध सरळ त्याच्यापाशी गेला.

“दादा, बाळ जातंय. सुखदा म्हणतेय, जायच्या आधी त्याला पाणी लावा. चल ना रे.”

शिरीषने ग्लव्ह्ज काढून तिथेच टाकले. तेवढ्यात बुडव्यांचे पाळक दीनानाथ मैदानाच्या कडेवरून पुढे आले. त्यांनी अनिरुद्धचा दंड धरला.

“अनिरुद्ध, देव बाळाला असाही जवळ घेईल. पण हे केलंस, तर आपल्या मंडळीत तुला जागा नाही.”

अनिरुद्धने हात सोडवून घेतला. कालपर्यंत हेच तो स्वतः इतरांना ठणकावून सांगत होता.

हॉस्पिटल रस्त्यापलीकडेच. दोघं भाऊ पळतच गेले. नर्सने आत सोडण्याआधी हात धुवायला लावले. शिरीषने कोपरापर्यंतचा चिखल घासून काढला. काचेच्या पेटीत ओंजळीत मावेल एवढं बाळ होतं. व्हीलचेअरमधल्या सुखदाने दिराला पाहिलं आणि तिचा बांध फुटला. मॉनिटरवरचा आकडा उतरत होता, जरा सावरत होता, पुन्हा उतरत होता.

शिरीषने वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवली आणि तो थांबला.

“आता काय?” अनिरुद्ध कळवळला.

“आमच्या रीतीत आईबापांनी हो म्हणून भागत नाही. आधी मंडळीने बाळाला आपलं म्हणावं लागतं.”

“इथे कुठली आलीय मंडळी, दादा! लाव ना!”

न विचारता शिरीषने आजवर कुणाला पाणी लावलं नव्हतं, आणि आज विचारल्याशिवाय त्याचा हातच उचलेना. सवयीने मान वर करून त्याने समोरच्या भिंतीला विचारलं, “मंडळी, या बालकाला तुम्ही आपलं म्हणता का?”

यंत्र तेवढं वाजत राहिलं. अनिरुद्धने डोळे गच्च मिटले. एका मंडळीला त्याने स्वतः लाथाडलं होतं. दुसरीने त्याला आत्ताच बाहेर काढलं होतं. आपल्या पोराला आपलं म्हणणारं कुणी उरलेलं नाही, हे त्याला इतकं स्वच्छ कळलं की सुखदाकडे बघायचाही धीर होईना.

दारात कुणीतरी खाकरलं. नर्सने अडवलेला एक म्हातारा माणूस बाहेरच उभा होता, पळून पळून लालबुंद झालेला, लोकरीची टोपी हातात चुरगाळत.

“आमची मंडळी म्हणते,” दीनानाथ म्हणाले. “लावा पाणी, पाळकसाहेब.”