ह्यांच्यासाठीच

"हळू बोला," दार उघडताच बाई म्हणाली. "हे झोपलेत."

सेन्सरवाल्याने चपला काढल्या आणि शिडी आवाज न करता आत घेतली. बाईचा खालचा ओठ फुटला होता. उजवा हात तिने पोटाशी धरला होता. लोकांच्या घरांतून फिरणाऱ्याला न बघता बघायची सवय लागते. त्याने तसंच बघितलं.

"एरवी बॅटरी मीच बदलते. पण आता हात वर जात नाही. आणि तो सकाळपासून टुकटुक करतोय."

हालचाल टिपणारा तो सेन्सर पॅसेजमध्ये छताजवळ होता. एका टोकाला बाहेरचं दार, दुसऱ्या टोकाला झोपायची खोली, मध्ये समोरासमोर स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. सगळे सेन्सर बाहेरच्या दाराकडे बघतात. हा खोलीच्या बंद दाराकडे टक लावून होता.

"असा उलटा कुणी लावला? चोर काय तुमच्या पलंगाखालून येणार?" तो हसत म्हणाला.

बाई हसली नाही. "माझ्या भावानं लावला. ह्यांच्यासाठीच बसवलाय."

"आणि कुणी हललं की फोनवर कळतं?"

"लगेच कळतं," ती म्हणाली. तिचा हात कमरेला खोचलेल्या फोनवर जाऊन आला.

सेन्सरवाल्याचं तोंड कडू झालं. त्याच्या मेहुण्यालाही सगळं लगेच कळायचं. बहिणीने एकदा पळून जायचा प्रयत्न केला, तर मेहुण्याने तिला फाटकापासून केसांना धरून वर आणलं होतं. शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. त्यानंतर बहीण घराबाहेर आली ती चौघांच्या खांद्यावर.

त्याने झाकण उघडून जुनी बॅटरी काढली. टुकटुक थांबली. बाई स्वयंपाकघराच्या दारात पाठमोरी उभी राहून कप पुसत होती.

खोलीचं दार कधी उघडलं ते दोघांनाही कळलं नाही. बनियनमधला एक दांडगा माणूस अनवाणी आला. त्याने बाईचे केस मुठीत धरले आणि तिचं डोकं चौकटीवर आपटलं. मग पुन्हा आपटलं. कप फुटला. बाईच्या तोंडून आवाज फुटला नाही, आणि सेन्सरवाल्याला त्याचीच जास्त भीती वाटली.

"झोपू द्यायचं नाही काय गं मला? काय खुडबुड लावलीय?"

सेन्सरवाल्याने शिडीवरूनच उडी टाकली आणि त्याचं मनगट धरलं. नवऱ्याने त्याला भिंतीवर फेकलं आणि कानाखाली अशी ठेवून दिली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मग शिडीकडे बघून तो म्हणाला, "तो डबा गप्प कर आणि नीघ." खोलीचं दार लाथेने बंद झालं.

बाईच्या भुवईतून रक्त ओघळत होतं.

"तो बंद होता ना, म्हणून झालं," ती पुटपुटली. "दादा, लवकर चालू करा."

सेन्सर बंद पडलेला कळला म्हणून नवरा चवताळला, असा त्याने अर्थ लावला. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ताई, पोलिसांत जा."

"गेले होते. ह्यांना समज दिली आणि घरी सोडलं. त्याच संध्याकाळी हा हात पिरगळला."

कानशिलावर पाणी मारायला तो न्हाणीघरात गेला. दाराला आतून दोन जाडजूड कड्या होत्या, दोन्ही नव्याकोऱ्या. कोपऱ्यात लहान मुलीची गोधडी आणि बिस्किटांचा पुडा होता. बिचारी पोरीला घेऊन इथे रडत बसत असेल, असं त्याला वाटलं. आणि तिथेच, टॉवेलने तोंड पुसता पुसता, त्याचा निश्चय झाला.

तो पुन्हा शिडीवर चढला. नव्या बॅटरीला प्लास्टिकची एक पट्टी असते. ती ओढून काढल्याशिवाय बॅटरी आणि मशीन यांची गाठ पडत नाही. त्याने पट्टी तशीच ठेवली, बाहेर आलेलं टोक आत दुमडलं आणि झाकण लावून टाकलं.

"चालून बघत नाही?" बाईने विचारलं. "बॅटरी बदलली की मी समोरून चालून बघते. लाल दिवा लागतो."

"नवी बॅटरी आहे, ताई. काळजी सोडा."

तो धडधडीत खोटं बोलला, आणि इतकं सुख त्याला कुठल्याच खऱ्याने दिलं नव्हतं. बाईचे खांदे सैल झाले.

"बरं झालं बाई. पोर शाळेतून येईलच. आज जरा निवांत आंघोळ घालीन तिला."

खरं तिथेच सांगायचं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण खोलीत पलंग करकरला, म्हणून तो गुपचूप निघाला. समोरच्या फुटपाथवर टेम्पोला टेकून त्याने वाट बघितली. दप्तर पाठीवर घेतलेली एक चिमुरडी उड्या मारत जिना चढून गेली. आता दोघी एकदमच सुटतील. त्याने फोन लावला.

"बोला, दादा." मागे नळ वाहत होता आणि मुलगी काहीतरी गुणगुणत होती.

"ताई, नीट ऐका. मी सेन्सर मुद्दाम बंद ठेवलाय. पोरीला घ्या आणि आत्ताच्या आत्ता निघा. मी खाली टेम्पो घेऊन उभा आहे. तुम्ही दारापर्यंत गेलात तरी तुमच्या मिस्टरांच्या फोनवर काही म्हणजे काही येणार नाही."

पलीकडे नळ बंद झाला.

"ह्यांच्या नाही, दादा," बाई म्हणाली. "माझ्या फोनवर येतं. हे खोलीतून बाहेर पडले की मला कळतं, मग मी पोरीला आत घेऊन कड्या—"

पुढचा आवाज तिचा नव्हता.