तीन इंग्रजी शब्द

बायको गेल्यापासून धोंडबा दुपारभर नातीचा अभ्यास ऐकत बसायचा. आज स्वराचं 'लेट' चाललं होतं. 'लेट मी प्ले' म्हणजे मला खेळू द्या, 'लेट हिम ईट' म्हणजे त्याला जेवू द्या.

"अन् 'लेट हर गो' म्हणजे काय वं?" धोंडबाने विचारलं.

"अरे वा, आबा, तुम्हाले इंग्लिश येते?" स्वरा हसली. "तिला जाऊ द्या."

"वाचवा नाही?"

"वाचवा कसं राहील? ते तर सेव्ह असते."

त्या दिवशी दवाखान्यात धोंडबाची बायको सिंधू श्वासाच्या मशीनवर होती. मोठ्या डॉक्टरने इंग्रजीत काही विचारलं, तेव्हा धोंडबाच्या मुलाने, प्रफुल्लने, रडत रडत हेच तीन शब्द म्हटले होते. ते ऐकून डॉक्टर लगेच मान हलवून आत गेला होता.

"काय म्हटलं गा त्याले?" धोंडबाने तेव्हा विचारलं होतं.

"आईले वाचवा म्हटलं, बाबा. तुम्ही रामटेकले जा, देवाले सांगून या."

 

डॉक्टरने ऐकलं तसं देवानेही लगेच ऐकावं, म्हणून धोंडबाने रामटेकच्या गडावर हात जोडून तेच इंग्रजी शब्द म्हटले होते, आणि फोनवर त्याने ते सांगितलं, तेव्हा प्रफुल्ल म्हणाला होता, "चांगलं केलं, बाबा."