शुक्रवारचे मूग

लोरेनने कुकरचा प्लग भिंतीतून उपटला तेव्हा मूग अर्धेकच्चेच होते.

"हे काय चाललंय? वृद्धाश्रम आहे हा, खानावळ नाही!" नवी सुपरवायझर ती, महिन्याभरापूर्वी आलेली. आत्ताच एक कुटुंब आपल्या आजोबांसाठी खोली बघायला आलं होतं आणि नाकाला रुमाल लावून परत गेलं होतं. लोरेन रागाने लालबुंद झाली होती.

एर्लिंडाने हातमोजे काढून टोपलीत टाकले. सकाळपासून सात म्हाताऱ्यांना उठवून, धुऊनपुसून, भरवून ती आत्ता कुठे स्टाफरूममध्ये डोकावली होती.

"मॅडम, मायक्रोवेव्हमध्ये मासे गरम करायचे नाहीत, ही पाटी तुम्हीच लावलीत ना? एकदा तरी मोडली का मी? ताजंच शिजवते."

"अगं, पण वास तोच ना!"

"वास मुगाचा आहे. मासा एवढुस्सा टाकलाय, चवीपुरता."

कोपऱ्यात जोव्ही आणि मारिसेल खाली मान घालून खुसखुसल्या. दोघी एर्लिंडाच्या सोबत काम करणाऱ्या आणि तिच्याच देशच्या, फिलिपिन्सच्या. शुक्रवारी घरात मूग शिजणार हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इकडे कॅनडात, विनिपेगला आलं म्हणून काय शुक्रवार बदलतो थोडाच!

"शुक्रवारी आपण सगळ्यांसाठी फुकट डोनट ठेवतो," लोरेनने टेबलावरचा खोका पुढे सरकवला. "मशीनमध्ये नूडल्स आहेत. त्यावर भागव की."

भागव म्हणे! अकरा वर्षं दुसरं काय केलं होतं? डोनट, नूडल्स, तीन-तीन चमचे साखर घातलेली कॉफी. साखर अशी चढली की आता डाव्या पायाच्या अंगठ्याला टाचणी टोचली तरी कळत नव्हती. डॉक्टर म्हणाले, गोळ्या देतो, पण तीन महिन्यांत खाणं सुधारा, नाहीतर पायाची खात्री देत नाही. एर्लिंडाला अधिक सांगावं लागलं नाही. आईचा पाय गुडघ्याखालून कापलेला तिने पाहिला होता. त्याच संध्याकाळी तिने दुकानातून हा विजेचा कुकर उचलून आणला. रात्री मूग भिजत घालायचे, कामावर आल्यावर आलं, लसूण आणि शेवग्याचा पाला टाकून बटण दाबायचं, जेवणाच्या सुट्टीला गरमागरम तयार. दोन महिने झाले होते आणि साखर उतरायला लागली होती. हे असं सोडायचं? का म्हणून?

"ते डोनट मला विष आहे, मॅडम."

"मग घरून सँडविच आण. या इमारतीत हे शिजणार नाही म्हणजे नाही. एवढी हौस असेल तर बाहेर जाऊन शिजव!"

बाहेर उणे अठ्ठावीस होतं. विषय संपला असं समजून लोरेन गेलीसुद्धा.

एर्लिंडाने जाड कोट चढवला, टोपी कानांवर ओढली, कुकर छातीशी धरला आणि मागच्या दाराने गाड्यांच्या तळावर आली. तिथे प्रत्येक जागेला एक खांब आणि खांबाला प्लग. इंजिन गोठू नये म्हणून हिवाळाभर गाडीला वायर लावून ठेवायची. तिने आपल्या म्हाताऱ्या गाडीच्या इंजिनाला लावलेली वायर काढली, खिडकीच्या फटीतून आत ओढली, कुकर पुढच्या सीटवर बसवला आणि त्याला जोडून दिली. लाल दिवा लागला.

जोव्ही धापा टाकत मागोमाग आली. "ताई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? गाडी गोठली तर संध्याकाळी घरी कशी जाणार?"

"गोठू दे मेली. मूग कच्चे राहायला नकोत."

"नोकरी जाईल!"

"का जाईल? बाहेर शिजव म्हणाली, बाहेर शिजवतेय. साक्षीला तू होतीस की."

जेवणाच्या सुट्टीत तिघी कोट-टोप्यांसकट त्या गाडीत कोंबून बसल्या. मारिसेलने भाताचा डबा उघडला, एर्लिंडाने वरून पळीपळी मूग वाढले. मऊ, दाट, पाल्याने हिरवेगार झालेले. काचा वाफेने पांढऱ्या झाल्या. चमचे आणायचे राहिले होते, म्हणून तिघी हातानेच जेवू लागल्या. बोटांत ऊब आली तशा हसायलाही लागल्या.

काचेवर टकटक झाली. बाहेर लोरेन उभी होती, कोट नुसताच खांद्यावर टाकलेला, दात कडकड वाजताहेत. एर्लिंडाने काच खाली फिरवली आणि सगळी वाफ, माशाच्या वासासकट, लोरेनच्या तोंडावर गेली.

आपण जेवत असताना कोणी समोर आलं तर त्याला 'या' म्हणायचं, मग तो वैरी का असेना. आणि त्याने 'नको' म्हणायचं. अशी त्यांच्याकडची रीत.

"या मॅडम, जेवायला."

"नको," लोरेन म्हणाली. बिचारीने नकळत रीत पाळली. मग इंजिनापासून काढलेल्या वायरकडे बघून तिचा आवाज जरा खाली आला. "एर्लिंडा, अगं मी रागाच्या भरात बोलले. खरंच बाहेर येऊन बसशील असं वाटलं का मला? ही गाडी आता काही सुरू व्हायची नाही. सहा वाजता घरी कशी जाशील?"

एर्लिंडाने घास तोंडात घातला. सावकाश, नीट चावून खाल्ला. लोरेन तशीच कुडकुडत उभी.

"चालत," एर्लिंडा म्हणाली. "चालता यावं म्हणूनच तर खातेय."

आणि तिने काच वर घेतली.