गोलकीपरचा घसा

“घसा पार बसला माझा,” मध्यंतरात गोलकीपर कुरकुरला. खोलीतले सगळे एकदम बुटांच्या नाड्या आवळू लागले. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. बचावफळीत त्याच्या पुढ्यात खेळायचा त्याच्याच बायकोचा भाऊ, टोपणनाव ‘कुलूप’. इतकी वर्षं कुलपाला मागून हाक मारायची वेळच आली नव्हती. गोलकीपर चक्क जांभया द्यायचा. हल्ली मात्र चेंडू अंगावर आला की कुलपाचे पाय थिजायचे. आजचे दोन्ही गोल त्याच्याच बाजूने झाले होते. “मैदान निसरडं आहे,” कोणीतरी पुटपुटलं. “वाराही फार आहे,” म्हणत कोचनी कुलपाच्या जागी खेळायला राखीव गड्याला उठवलं आणि परत बसवलं. कुलपानेच गरम पाण्याचा पेला पुढे केला. “भावोजी, मी आहे ना पुढे? मग एवढं ओरडता कशाला?” गोलकीपरने पेला नुसताच हातात घेतला. “तू आहेस म्हणूनच ओरडतो रे.”