टिपाडाचं कुलूप

त्या दुष्काळात चकलांब्याची तुळजाबाई टँकरचं पाणी टिपाडात भरायची आणि टिपाडाला कुलूप ठोकायची. सुनेलासुद्धा पाणी मिळायचं ते तांब्यातांब्यानं.

सुनेला, रुक्मिणला, कळा सुरू झाल्या. सुईण छबुबाईनं उंबऱ्यातूनच सांगितलं, "आक्का, घरातल्या समद्या गाठी सोडा, समदी कुलपं उघडा. न्हाईतर लेकरू अडतं बरं!"

तुळजाबाईनं सुनेची वेणी सोडली, दावणीची गाय सोडली, साखर कारखान्याच्या शेअरचे कागद ठेवलेली ट्रंकसुद्धा उघडली. टिपाडाची किल्ली मात्र कमरेलाच.

"आजून कायतरी बंद हाय," छबुबाई आतून ओरडली. "लेकरू लई हटून बसलंय!"

शेवटी देवाचं नाव घेत तुळजाबाईनं टिपाड उघडलं. थोड्याच वेळात आतून नातीचं रडणं ऐकू आलं, आणि सासू टिपाडालाच हात जोडून उभी राहिली.

छबुबाईनं हंडाभर पाणी तापवलं. लेकराला न्हाऊ घातलं, मग रुक्मिणच्या पाठीवर ऊन ऊन पाणी ओतू लागली.

रुक्मिणनं हळूच विचारलं, "मावशे, कुलपानं खरंच लेकरू अडतं व्हय गं?"

 

"लेकरू कशाला अडतंय, पोरी? अडलं व्हतं ते हे पाणी."