शंभरावी चिठ्ठी

विज्ञानजत्रेत शाळेतल्या बाईंनी टेबलावर बटणांची बरणी ठेवली होती. आत बटणं किती, हे शंभर जणांनी चिठ्ठीवर लिहायचं. मग सगळ्या अंदाजांची सरासरी खऱ्या आकड्याजवळ जाते का, ते बघायचं. शेवटची चिठ्ठी उरली, तसं मी आईला पुढे ढकललं. "अगं, मी कपडे शिवणारी, मला काय कळतंय त्यातलं?" म्हणत तिने ठोकून दिलं: एक हजार! बरणीत निघाली पाचशे पाच. चिठ्ठ्या वाचताना सगळे आईच्या आकड्याला खो-खो हसले. "जन्मभर बटणं लावली, मला जास्तच दिसणार," ती पुटपुटली. बाई मात्र फळ्यावर हिशेब करता करता ओरडल्या, "यांची चिठ्ठी सोडली, तर सरासरी पाचशे. धरली, तर पाचशे पाच! बरोब्बर!" टाळ्यांनी हॉल दणाणला. आई चष्मा सावरत ऐटीत पुढे आली. "बघा, माझ्या चुकीवाचून अडलं होतं तुमचं!"