शेवेची चकती

“मॅडम, तुमची नजर कधी चुकत नाही का हो?” विमानतळावर बॅगा तपासणाऱ्या मॅडमना हे विचारायची मैत्रिणींशी पैज लागली होती. विचारलंच मी!

नेमका तेव्हाच पट्टा थांबला. पडद्यावर आईच्या बॅगेत दांडीवाली जाड नळी! आमच्या विमानाची शेवटची घोषणा सुरू होती. “आता सगळी बॅग उपसणार. विमान गेलं!” बाबा पुटपुटले.

मॅडम हसल्या. “सोऱ्या ना, काकू? आत शेवेची चकती आहे हं.” नुसती चेन उघडून त्यांनी खात्री केली. “पळा आता!”

“अगं बाई! मी तर चकल्या करणार होते!” आई धावता धावता ओरडली.

विमानात धापा टाकतच मी जाहीर केलं, “आईबाबा, ठरलं! बारावी झाली की मी त्या पडद्यासमोर बसणार.”